सोनं, मीठ आणि केइता-सान

"सोमवारपासून केइता-सान आपल्याकडे येत आहेत," अशी मेल आली आणि त्याच दुपारी जोगळेकर सरांनी आम्हा सगळ्यांना कमरेत वाकायला शिकवलं. तोयोसुच्या ऑफिसात सर धरून आम्ही सात जण होतो, सगळे पुण्या-मुंबईचे. केइता हे जपानी पुरुषाचं अगदी सर्रास नाव, आपल्याकडे समीर असावा तसं. आमचं काम सॉफ्टवेअरचं, आणि ग्राहक म्हणजे एक मोठी जपानी विमा कंपनी. ते जे बोलत नाहीत ते ओळखायचं आणि आम्ही जे फार बोलतो ते आटवून त्यांच्यापर्यंत पोचवायचं, यासाठी मधे एक माणूस लागतो. त्याला इथे ब्रिज इंजिनिअर म्हणतात. आधीचा पूल सहा महिन्यांत खचून ओसाकाला निघून गेला होता. त्यामुळे या वेळी खरा जपानी माणूस मिळतोय म्हणून सर खुशीत होते.

सोमवारी सकाळी सर लिफ्टपाशी उभे राहिले. एका हातात स्वतःचं कार्ड, दुसऱ्या हातात पुण्याहून आलेला बाकरवडीचा पुडा. लिफ्ट उघडली. करड्या सुटातले, सहा फुटांहून उंच, काळेभोर, चाळिशी उलटलेले एक गृहस्थ बाहेर आले आणि असे वाकले की आमचा सगळा सराव लाजला. मग त्यांनी दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं. सरांनी ते न वाचता खिशात घातलं (जपानात याहून मोठा अपराध फक्त कचरा चुकीच्या दिवशी टाकण्याचा) आणि त्यांच्या खांद्यावरून लिफ्टमध्ये डोकावून पाहिलं. लिफ्ट रिकामी होती.

"केइता-सान मागून येतायत का?" सरांनी विचारलं.

"नाही," ते गृहस्थ शांतपणे म्हणाले. "पुढून आले."

अशी आमची ओळख झाली. ते पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे, आणि केइता हे तिकडचं आडनाव. 'माली' ऐकून सरांना वाटलं ते आपल्या बागकामाच्या छंदाबद्दल सांगतायत. सरांनीही घरच्या तुळशीबद्दल दोन वाक्यं सांगितली.

केइता-सानांचं जपानी आमच्या सगळ्यांच्या जपानीची बेरीज करून वर उरेल असं होतं. शिकले होते मात्र उत्तरेला, अकिता भागात. त्यामुळे 'हो' म्हणायला ते 'हाइ' न म्हणता खेड्यातल्या म्हाताऱ्यांसारखं 'न्दा' म्हणायचे. फोनवर बोलणाऱ्याला वाटायचं की पलीकडे सत्तरीचा एखादा भातशेतीवाला बसलाय. ग्राहकाकडचे होरिउचि-सान हे विभागप्रमुख. ते पहिले तीन महिने फोनवर त्यांना 'यंदा बर्फ किती पडला' असं विचारायचे.

दुसरी सवय म्हणजे विचारपूस. सकाळच्या मीटिंगला आम्हाला पंधरा मिनिटं मिळायची. त्यातली दहा केइता-सान घ्यायचे. माझी पाळी आली की:

"पेठे-सान, घर कसं आहे?"

"बरंय."

"घरातली माणसं?"

"बरी आहेत."

"मुलगी? तिची शाळा?"

"बरी आहे. दोन्ही."

"पुण्याला आई?"

"बरी आहे."

"आणि सर्व्हर?"

"तो पहाटेपासून बंद पडलाय."

"म्हणजे बाकी सगळं ठीक आहे," असं म्हणून ते वहीत लिहून घ्यायचे. जोगळेकर सर घड्याळ बघत बसायचे. पण मला आठवतंय, ज्या दिवशी एकाने 'वडील' या प्रश्नावर क्षणभर थांबून "बरे आहेत" म्हटलं, त्या दिवशी केइता-सानांनी दुपारी त्याच्या नावाची रजा परस्पर टाकली आणि संध्याकाळचं विमान शोधून दिलं. तो पोचला तेव्हा वडील बोलत होते.

पावट्यांचं प्रकरण साधारण दुसऱ्या महिन्यातलं.

ऑफिसात जेवताना केइता-सानांनी सगळ्यांची आडनावं आणि त्यांचे अर्थ विचारून घेतले होते. पेठ म्हणजे बाजार हे कळल्यावर ते माझ्याकडे जरा नात्याने पाहू लागले. त्या दिवशी सरांच्या डब्यात पावट्याची उसळ होती. केइता-सानांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "बीन्स?"

"बीन्स. मराठीत पावटे," सर म्हणाले.

केइता-सानांचा चेहरा असा उजळला की जणू हरवलेला भाऊ सापडला. ते उभे राहिले आणि सगळ्या कँटीनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जोगळेकर-सान, तुम्ही पावटे खाता! तुम्ही पावटेखाऊ आहात!"

आता मराठीत पावटा या शब्दाला कोणकोणते वास आहेत ते सांगायची गरज नाही. सर लालबुंद झाले. केइता-सान आपले आनंदात. त्यांनी नंतर मला समजावलं ते असं: मालीचं साम्राज्य ज्या राजाने उभं केलं तो त्यांचा पूर्वज. लहानपणी त्याला चालता येत नव्हतं, मोठेपणी हद्दपार झाला, परत आला, लढाई जिंकला. जिंकल्यावर सगळ्या घराण्यांना त्याने एका माळावर बसवलं. कालपर्यंत एकमेकांचे गळे कापणारी ही माणसं उद्या पुन्हा तेच करतील, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून असं ठरलं म्हणे, की अमुक आडनावाने तमुक आडनावाची आयुष्यभर थट्टा करायची, 'तू पावटे खातोस' म्हणायचं, आणि समोरच्याने रागवायचं नाही. उलट त्यानेही तसंच म्हणायचं. आणि थट्टेच्या भावाने काही मागितलं, तर नाही म्हणायचं नाही.

"तुमच्याकडे भांडणं मिटवायला काय करतात?" त्यांनी मला विचारलं.

"आम्ही मंडळ स्थापन करतो," मी म्हटलं. "मग त्याची दोन मंडळं होतात."

सरांनी एचआरकडे तक्रार केली. एचआरच्या बाई फॉर्म घेऊन आल्या. 'सदर शब्द आपल्या संस्कृतीत कितपत दुखावणारा आहे' याला पाच चौकोन होते, आणि खाली 'शब्दाचा अर्थ सविस्तर स्पष्ट करा' म्हणून अर्धं पान. ते भाषांतर माझ्याकडे आलं. पावट्याने पोटात काय होतं आणि त्याचा माणसाच्या प्रतिष्ठेशी कसा संबंध येतो, हे मी आदरार्थी जपानीत लिहून दिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं, अजिबात हसल्या नाहीत, आणि आठवड्याने निर्णय आला: यापुढे कँटीनमध्ये कडधान्यं खाऊ नयेत.

सर इथल्या आमच्या मराठी मंडळाचेही अध्यक्ष होते, हे सांगायचं राहिलं. त्या वर्षी मंडळाने मुलांसाठी 'जगातील साम्राज्ये' अशी व्याख्यानमाला ठेवली होती. शेवटच्या रविवारी पुण्याहून येणारे वक्ते व्हिसामुळे अडकले. एदोगावातला हॉल घेऊन झाला होता आणि इथे घेतलेला हॉल सोडला तर पुढल्या वर्षी मिळत नाही. मी केइता-सानांचं नाव सुचवलं. समितीत चर्चा झाली. सर स्वतः त्यांच्याकडे गेले, पावट्यांनंतर पहिल्यांदाच.

"ढोल वगैरे वाजवता का? थोडा डान्स?"

"नाही," केइता-सान म्हणाले. "ते भाटांच्या घराण्यांचं काम. आमच्या घरात गाणं-वाजवणं निषिद्ध. आम्ही नुसते राजे."

तरी पत्रिकेत 'आफ्रिकन रंग' असं छापलं गेलंच. रविवारी पन्नासेक माणसं आली. केइता-सानांनी पिशवीतून कोपऱ्यावरच्या कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, घेतलेला मिठाचा पुडा काढला आणि टेबलावर ठेवला.

"याच्या बदल्यात काय द्याल?" त्यांनी मुलांना जपानीतच विचारलं, कारण मुलांना तेच बरं समजतं.

"इरानाइ," पुढच्या रांगेतली माझी ईरा म्हणाली. म्हणजे नको.

"तुला नको. कारण रस्ता ओलांडला की मिळतं. पण जिथे सोनं निघायचं तिथे मीठ नव्हतं. ऊन असं की घाम गळून माणूस दुपारी आडवा. मीठ कुठे होतं? वाळवंटात, उंटाने कितीतरी दिवस चालावं इतकं दूर. तिथे मिठाच्या लाद्यांची घरं बांधायचे. मीठच मीठ, पण खायला धान्य नाही. आता सांगा, आमच्याकडे काय होतं?"

 कुणीतरी "उंट?" म्हणालं.

"उंट दुसऱ्यांचे. आमच्याकडे मधली जागा होती. मोठी नदी होती, होड्या होत्या, गाढवं होती. आम्ही मधे बसलो. येणाऱ्या ओझ्यावर जकात, जाणाऱ्या ओझ्यावर जकात. त्यावर तीन-चार पिढ्यांत एवढं राज्य झालं की आमचा एक राजा यात्रेला निघाला, वाटेत कैरोमध्ये त्याने इतकं सोनं वाटलं की तिथे सोन्याचा भाव पडला. तिथले सराफ पुढची कितीतरी वर्षं त्याच्या नावाने बोटं मोडत होते."

मागून एका वडिलांनी हात वर केला. "किल्ले किती होते?"

"किल्ल्यांचं फारसं सांगत नाहीत. रस्त्यांचं सांगतात. एकटा वाटसरू सोनं घेऊन निघाला तर घरी पोचायचा. आमचं बळ तेवढंच." मग ते म्हणाले, "आणि त्याच रस्त्यांवरून माणसंही विकायला नेत. हे भाट गात नाहीत. म्हणून राजाच्या घरातल्याने सांगायचं असतं."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. कथेत जोश नाही, असं सर माझ्या कानात म्हणाले. तेवढ्यात दुसऱ्या एका गृहस्थांनी प्रश्न विचारला. विचारताना त्यांनी बायकोकडे पाहून स्मित केलं, म्हणजे प्रश्न तयारीचा होता.

"एवढं सोनं होतं, तर आता तुमचा देश गरीब कसा?"

केइता-सानांनी प्रश्न नीट ऐकून घेतला. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, "पेठे-सान, तुम्ही मागे एक म्हण सांगितली होती. तुमच्या देशातून सोन्याचा काय निघत होता?"

"धूर," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

"हां. सोन्याचा धूर." ते त्या गृहस्थांकडे वळले. "तर तो धूर सोडून तुम्ही तोयोसुला कसे आलात?"

 मग शेवटच्या रांगेत मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेले एक काका इतक्या मोठ्याने हसले की सुनेने त्यांना पाणी आणून दिलं.

त्या संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर 'पाहुण्यांनी मर्यादा पाळावी' या विषयावर सत्तरेक मेसेज आले. सोमवारी सरांनी ऑफिसात जाहीर केलं की यापुढे आपण ग्राहकाशी थेट बोलणार. मधला माणूस म्हणजे वेळेचा अपव्यय. पुढच्या वर्षीच्या कराराची बोलणी सर स्वतः करतील, केइता-सान तोवर कागदपत्रं बघतील.

केइता-सान रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "आमच्याही एका राजाला असंच वाटलं होतं. सोनं खणणाऱ्यांच्या गावावर थेट ताबा घेतला, त्यांचे देव बदलायला सांगितले. त्यांनी भांडण केलं नाही. नुसतं खणणं थांबवलं."

"हो, पण तेव्हा ई-मेल नव्हती," सर म्हणाले.

होरिउचि-सानांबरोबरच्या बैठकीला मी दुभाषी म्हणून गेले. सरांनी बेचाळीस स्लाइड्स दाखवल्या. होरिउचि-सान साठीचे, बारीक, कोटाचं बटण कधीही न उघडणारे. शेवटी त्यांनी मान कलती केली, दातांमधून हवा आत ओढली आणि म्हणाले, "केन्तो शिमासु."

"काय म्हणाले?" सरांनी विचारलं.

"विचार करतो म्हणाले. म्हणजे सर, ते नाही म्हणाले."

"पेठे, जरा पॉझिटिव्ह राहायला शीक," सर म्हणाले, आणि वाटेत आंबाबर्फी घेतली.

मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. बर्फी खाल्ली. या गोष्टीत माझा वाटा विचारला तर तो एवढा आहे.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. एप्रिलपासून करार पुढे चालू ठेवता येणार नाही, आजवरच्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार. सात माणसं, सात व्हिसे. माझा नवरा माझ्या व्हिसावर आलेला, ग्योतोकुच्या एका बेकरीत अर्धवेळ काम करायचा. ईरा तिसरीत. घरी मी पत्राचा विषय काढला, तेव्हा ती चित्र रंगवता रंगवता जपानीत म्हणाली, "मग माझी सायकल कोण नेणार?" तिच्या हिशेबात आमच्या परत जाण्याचा एवढाच प्रश्न होता. मला ते ऐकवेना. मी बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे उगाच पुन्हा झटकत राहिले.

सर दोन दिवस जुन्या मेल उपसत बसले. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आले. "पेठे, तू त्यांच्या जवळच राहतेस ना? जरा बोलून बघतेस?"

केइता-सानांचं घर ग्योतोकुला आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. त्यांनी छोट्या किटलीत हिरवा चहा उकळला, उंचावरून ओतून फेस आणला आणि त्याच पत्तीवर तीनदा पाजला. तिसऱ्या पेल्यापर्यंत कामाचं बोलायचं नव्हतं. घर, नवरा, मुलगी, आई, सगळं झालं. मग मी सांगितलं.

"जोगळेकर-सानांनी मागितलं? स्वतः?"

"मला पाठवलं. पण हो, त्यांनीच."

"मग मी नाही कसं म्हणणार? पावटेखाऊने मागितलंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही. ते म्हणाले, "रडू नका, चहा पातळ होतो."

दोन दिवसांनी मी त्यांच्याबरोबर होरिउचि-सानांकडे गेले. स्लाइड्स नाहीत, लॅपटॉप नाही. दोघांनी अकितातल्या बर्फाबद्दल, मुळ्याच्या लोणच्याबद्दल आणि होरिउचि-सानांच्या आईच्या गुडघ्यांबद्दल बरंच बोलून घेतलं. मग दोघं गप्प बसले.  मी काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात केइता-सानांनी खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर आमची सात नावं होती, बाकी काही नाही. ते उठले, "जरा पाय मोकळे करतो," म्हणाले आणि मला घेऊन बाहेर आले.

आम्ही कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या मशीनपाशी उभे राहिलो.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"जुन्या अरब प्रवाशांनी लिहून ठेवलंय. मीठवाले नदीकाठी मीठ ठेवून दूर जायचे. सोनंवाले येऊन शेजारी सोनं ठेवून दूर जायचे. पटलं तर उचलायचं, नाही तर तसंच ठेवून पुन्हा मागे. एक शब्द न बोलता."

"तुमच्याकडे असा व्यापार व्हायचा?"

"माहीत नाही. आमची माणसं शब्दाशिवाय काही विकतील यावर माझा विश्वास नाही. आजोबा तर ही गोष्ट सांगून पोट धरून हसायचे." ते पाणी प्यायले. "मी तो व्यापार पहिल्यांदा जपानात पाहिला."

आत गेलो तेव्हा एका नावावर बारीक पेन्सिलची रेघ होती. जोगळेकर. केइता-सानांनी कागद पाहिला, उचलला नाही, मान हलवली नाही, पुन्हा बाहेर आले.  या वेळी आम्ही बराच वेळ उभे राहिलो. परत गेलो तेव्हा होरिउचि-सान खिडकीपाशी पाठ करून उभे होते. रेघ खोडरबराने पुसलेली होती, आणि टेबलावरचा रबराचा भुगा त्यांनी रुमालात गोळा करून ठेवला होता. केइता-सानांनी कागद घडी करून खिशात घातला. तेव्हा कुठे दोघं बोलले, पुन्हा गुडघ्यांबद्दल.

परतीच्या गाडीत माझ्या लक्षात आलं.

"कागदावर तुमचं नाव नव्हतं."

"न्दा."

"का?"

"होरिउचि-सानांना वर हिशेब दाखवायचा आहे. आठ नावं दिली असती तर त्यांनी एक खोडलंच असतं. मग कुणाचं खोडलं ते बघत बसायचं. माझ्याकडे पक्का व्हिसा आहे, पेठे-सान. तुमच्याकडे सायकल आहे."

ईराची सायकल त्यांना कुणी सांगितली, मला आजही आठवत नाही. बहुधा मीच, चहाच्या दुसऱ्या पेल्याला.

कराराचं वर्ष वाढलं. सरांनी वरच्यांना मेल पाठवली: 'ग्राहकाशी थेट संवाद साधण्याच्या आमच्या धोरणाला यश आलं.' मार्चअखेर निरोप समारंभ झाला. शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं. शाल मिळाली. नारळ शोधूनही मिळेना, म्हणून नारळाच्या दुधाचा डबा दिला. सरांनी भाषण केलं, त्यात संघभावना हा शब्द सहा वेळा आला. पण ते संपल्यावर, सगळे थर्मोकोलच्या ताटल्या कोणत्या पिशवीत टाकायच्या यावर वाद घालत असताना, मी पाहिलं की सर केइता-सानांच्या जवळ गेले, इकडे-तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "तुम्हीसुद्धा पावटे खाता."

केइता-सान डोळे मिटून हसले. "सहा महिने लागले," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांना एकदाच पाहिलं. त्यांनी जुन्या गाड्या मालीला पाठवायचा धंदा सुरू केला होता. एका शनिवारी ईराला घेऊन मी चिबाच्या बंदराजवळच्या त्यांच्या गाड्यांच्या आवारात गेले. तारेच्या कुंपणाआत रांगेने उभ्या असलेल्या व्हॅन, कुणाच्या दारावर तोफूच्या दुकानाचं नाव, कुणावर वृद्धाश्रमाचं. शेवटी एका बालवाडीची पिवळी बस होती. केइता-सान आतल्या चिमुकल्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसले होते आणि फोनवर आपल्या भाषेत कुणाशी तरी जोरजोरात बोलत होते. आम्हाला पाहून त्यांनी खिडकी सरकवली.

"ही अक्षरं पुसणार नाही का?" ईराने बसवरच्या नावाकडे बोट दाखवून विचारलं.

"पुसली तर भाव उतरतो. जपानी अक्षरं म्हणजे गाडी खरी." मग फोनवर हात ठेवून म्हणाले, "आणि हिच्यात एक बाई आहेत. त्याही सोबत जाणार. थांब, ऐक."

त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. बस मागे जाऊ लागली, आणि आतून ध्वनिमुद्रित बाईंचा मंजुळ, अति नम्र आवाज आला: "गाडी मागे जात आहे, कृपया काळजी घ्यावी. गाडी मागे जात आहे, कृपया काळजी घ्यावी." केइता-सान पुन्हा फोनवर ओरडू लागले. पिवळी बस बोटीच्या दिशेने मागे मागे जात राहिली. त्यांचा आवाज कमी कमी होत गेला. बाईंचा मात्र बराच वेळ येत होता.